मीठ कोणी कोणाचे खाल्ले?

मराठी भाषेने कुत्र्याला काही फारसे प्रेमाने वागवलेले नाही. कोणाचा वाईट अंत झाला की तो ‘कुत्र्याच्या मौतीने मेला’ असे आपण म्हणतो. कोणाचा स्वभाव सुधारेना झाला की नळीत घातलेल्या शेपटाचा दाखला देतो. एखाद्याला कोणी विचारीत नसले, तर ‘त्याला कुत्रेसुद्धा हुंगत नाही’ असे सांगून मोकळे होतो. आणि मौज अशी, की याच भाषेत इमानाची गोष्ट निघाली म्हणजे सर्वांत आधी तोंडी येणारे नावही कुत्र्याचेच असते. खाल्ल्या मिठाला जागावे कसे हे माणसाने कुत्र्याकडून शिकावे, असे घरातल्या आजीपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळेच सांगत आले आहेत.

या शिकवणीला हल्ली चित्रपटांचे मोठे साहाय्य झाले आहे. दिवाळीची सुटी असावी, फराळाचे ताट मध्ये ठेवून सारे घर टीव्हीसमोर बसलेले असावे, पडद्यावर जिकडेतिकडे बर्फ पसरलेले असावे, त्यावरून दहाबारा केसाळ कुत्रे एक बिनचाकी गाडी जिवाच्या आकांताने ओढीत असावेत आणि मागे उभा राहिलेला गाडीवान त्यांना नावानिशी हाका मारीत असावा, हे दृश्य आता आपल्याकडेही परके राहिलेले नाही. आमचे टेमघर भिवंडीहून कल्याणला जाणाऱ्या रस्त्यावरचे. इथे बर्फ म्हणजे रसवंतीतली गोणपाटात गुंडाळलेली लादी. तरीही अलास्काच्या बाल्टोचे आणि तोगोचे नाव इथल्या पोरांना ठाऊक असते, आणि शेवटच्या प्रसंगाला घरातली मोठी माणसे चष्मा पुसण्याचे निमित्त करून डोळे पुसतात.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. गोष्ट ऐकून डोळे पुसून झाले, की तो विचारू लागतो : हे खरोखर घडले कसे? या चित्रपटांच्या मागची हकीकत पाहू गेले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कुत्र्याच्या इमानाबद्दल हे चित्रपट फारसे खोटे बोलत नाहीत. त्यांची थाप असते ती धन्याच्या इमानाबद्दल.

पहिली हकीकत अलास्कातली. अमेरिकेच्या या अगदी उत्तरेकडच्या मुलखात, पश्चिम किनाऱ्यावर, नोम नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिथला समुद्र गोठतो आणि जहाजांची वाट बंद होते. १९२५ च्या जानेवारीत त्या गावात घटसर्पाची साथ सुरू झाली. घटसर्प हा शब्द आजच्या मुलांना लसीच्या कार्डावर भेटतो तेवढाच. पण आपल्या पणज्यांना तो ऐकताच धस्स होत असे. घशात पांढुरका पापुद्रा धरायचा आणि धडधाकट लेकरू श्वासासाठी तडफडू लागायचे. नोममध्ये डॉक्टर एकच, कर्टिस वेल्श नावाचे. आणि त्यांच्याजवळच्या औषधाची मुदत संपून गेलेली. तारा गेल्या. दूर अँकरेजच्या रुग्णालयात औषधाच्या ३ लाख मात्रा सापडल्या. आगगाडीने ते औषध नेनाना गावापर्यंत आले. पण तिथून नोम ६७४ मैल, म्हणजे सुमारे १०८५ किलोमीटर. त्या काळची उघड्या बैठकीची विमाने असल्या थंडीत उडवणे धोक्याचे होते. उरले कुत्रे.

टपाल नेणाऱ्या कुत्र्यांच्या गाड्यांना ती वाट कापायला एरवी सुमारे २५ दिवस लागत. आता २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्रे यांनी ती आपसात वाटून घेतली. एकाने पुढे न्यायचे, दुसऱ्याच्या हाती द्यायचे. २७ जानेवारीच्या रात्री निघालेले औषध २ फेब्रुवारीच्या पहाटे नोमला पोचले. साडेसत्तावीसशे नव्हे, अवघे साडेएकशेसत्तावीस तास! पारा शून्याखाली ४० अंशांच्याही खाली गेलेला. वाटेत काही कुत्रे मेले. चार्ली एव्हान्स नावाच्या तरुण गाडीवानाचे पुढचे दोन कुत्रे थंडीने कोसळले, तेव्हा त्याने त्यांना उचलून गाडीत घातले आणि त्यांच्या जागी स्वतः उभा राहून गाडी ओढली. एव्हान्ससारखे कितीतरी गाडीवान तिथले मूळ रहिवासी होते. वर्तमानपत्रांना त्यांची फारशी आठवण राहिली नाही.

वर्तमानपत्रांना आठवण राहिली ती शेवटच्या गाडीची. गुन्नार कासेन तिचा गाडीवान आणि बाल्टो तिचा पुढारी कुत्रा. त्यांनी औषध सुमारे ५३ मैल आणले. त्याआधी लिओनहार्ड सेप्पाला याने तोगो या १२ वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या भरवशावर ९१ मैलांचा सर्वांत बिकट टप्पा पार केला होता, आणि औषध घ्यायला सामोरे जाताना केलेली दौड मिळवली तर तोगोची वाट २६० मैलांवर गेली होती. पण दारात आलेला पाहुणा लोकांना दिसतो. त्याला वेशीपर्यंत पोचवणारा दिसत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा कांस्य पुतळा उभा राहिला. समारंभाला खुद्द बाल्टो हजर होता.

इथे गोष्ट संपते असे १९९५ साली निघालेल्या ‘बाल्टो’ या चित्रमय चित्रपटाला वाटते. इतिहासात ती संपत नाही. पुतळ्याला वर्ष-दीड वर्ष होते न होते, तोच बाल्टो आणि त्याचे सोबती विकले गेले आणि हिंडत हिंडत लॉस एंजेलिसमधल्या एका फुटकळ प्रदर्शनात येऊन पडले. दहा सेंट द्यावे आणि औषध आणणारे शूर कुत्रे पाहावेत, असा तो धंदा होता. १९२७ साली क्लीव्हलंड शहरातला जॉर्ज किंबल नावाचा एक व्यापारी तिथे गेला, तर त्याला साखळीला बांधलेली, खंगलेली जनावरे दिसली. मालकाने त्यांची किंमत २००० डॉलर सांगितली. किंबलने गावी परत येऊन आवाहन केले, आणि शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले, कामगारांनी टोप्या फिरवल्या. दहा दिवसांत रक्कम उभी राहिली. बाल्टो आणि त्याचे सहा सोबती क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयात आले, आणि १९३३ साली बाल्टो तिथे म्हातारा होऊन मेला. घटसर्पापासून मुलांना वाचवणाऱ्या कुत्र्याला अखेर मुलांनीच सोडवले. यापेक्षा चांगला शेवट कोणता कथालेखक लिहील? पण तो दाखवायचा, तर आधी पुतळा उभारणाऱ्यांच्या जगाने त्या कुत्र्याला विकले हे दाखवावे लागते. म्हणून तो दाखवत नाहीत.

तोगोवर पुढे २०१९ साली चित्रपट निघाला. त्यात सेप्पालाचा आणि तोगोचा लळा फार हळुवारपणे रंगवला आहे, आणि म्हातारा तोगो धन्याच्या घरी, धन्याजवळच, अखेरचा श्वास घेतो. खऱ्या तोगोला सेप्पालाने अलास्कापासून हजारो मैल दूर, अमेरिकेच्या पूर्व टोकाला मेन प्रांतात, एका ओळखीच्या कुटुंबाकडे ठेवले होते. १९२९ साली तो तिथेच गेला. सेप्पालाचे त्याच्यावर प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण पडद्यावरच्या धन्याला जे जमले ते प्रत्यक्षातल्या धन्याला जमले नाही, एवढे खरे.

दुसरी हकीकत याहून कठीण आहे. ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची, दक्षिण ध्रुवाजवळच्या अंटार्क्टिकाची. १९५७ साली जपानी शास्त्रज्ञांनी तिथे शोवा नावाचे ठाणे उभारले आणि गाड्या ओढायला साखालिन जातीचे कुत्रे नेले. १९५८ च्या फेब्रुवारीत ठाण्यावरची माणसे परत निघाली; त्यांच्या जागी नवी तुकडी यायची होती, म्हणून १५ कुत्रे साखळीला बांधून ठेवले, थोडे खाणे ठेवले. नवी माणसे आज ना उद्या येतीलच. पण वादळ आणि बर्फ यांनी जहाजाला पुढे सरकू दिले नाही. तुकडी आलीच नाही, आणि जहाज परत फिरले. साखळ्या तशाच राहिल्या.

जवळजवळ एक वर्षाने, १४ जानेवारी १९५९ रोजी, पुढच्या मोहिमेची माणसे तिथे उतरली, तर दोन कुत्रे जिवंत! तारो आणि जिरो अशी त्या भावांची नावे. सात कुत्रे साखळीतच मरून पडले होते. सहा साखळी तोडून कुठे गेले ते कळले नाही. पूर्वी या कुत्र्यांची देखभाल करणारे किटामुरा नावाचे शास्त्रज्ञ या मोहिमेत होते. त्यांनी त्या दोघांना ओळखले. सारा जपान त्या दोन कुत्र्यांसाठी हळहळला आणि हरखलाही.

१९८३ साली त्यावर जपानी चित्रपट निघाला आणि त्याने तिकडे उत्पन्नाचे विक्रम मोडले. पुढे २००६ साली अमेरिकेने तीच गोष्ट ‘एट बिलो’ या नावाने आपल्या माणसांवर बेतून काढली. या अमेरिकी चित्रपटात कुत्रे आठ आहेत. गाडीवान मागे राहिलेल्या कुत्र्यांसाठी जिवाचे रान करतो, पैसे जमवतो, दारोदार फिरतो, आणि परत जातो तेव्हा आठांपैकी सहा त्याला जिवंत भेटतात. आकडे समोरासमोर मांडून पाहा. खरे घडले त्यात पंधरांतले दोन वाचले. चित्रपटात आठांतले सहा. मधल्या फरकाला प्रेक्षकांचे समाधान म्हणतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला आपण कुत्र्यांना साखळीला बांधून निघून जाणाऱ्यांतले नाही, असे घरी घेऊन जायचे असते. चित्रपट त्याला ते देतो.

याच्याही आधी, १९११ साली, रोआल आमुंडसेन हा नॉर्वेचा वीर दक्षिण ध्रुवावर पोचणारा पहिला माणूस ठरला. तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर ५२ कुत्रे होते, परतले ११. बाकीच्यांतले बरेच वाटेत ठरवून मारले होते, कारण मेलेल्या कुत्र्याचे मांस उरलेल्या कुत्र्यांना आणि माणसांना पुरवायचे हा हिशेब आधीच मांडलेला होता. डोंगरावरच्या एका मुक्कामात एकदम २४ मारले. त्या जागेला त्या माणसांनीच खाटीकखाना असे नाव दिले. आमुंडसेनला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्या बर्फात दुसरा हिशेब कदाचित माणसांच्या जिवावर बेतला असता. पण ध्रुवावर रोवलेल्या झेंड्याच्या मुळाशी काय पुरलेले आहे, ते मुलांना ध्रुवाचा धडा शिकवताना आपण सांगत नाही. १९९४ साली, तिथल्या मूळ जीवसृष्टीला बाधा नको म्हणून, अंटार्क्टिकावरून सगळ्या कुत्र्यांना आंतरराष्ट्रीय करारान्वये हलवण्यात आले. आता तिथे एकही कुत्रा नाही.

आणि आता पडद्यावरही नाही म्हणायची वेळ आली आहे. जॅक लंडनच्या १९०३ सालच्या प्रसिद्ध कादंबरीवर २०२० साली निघालेल्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मध्ये गाडी ओढणारा बक हा कुत्रा संगणकाने काढलेला आहे, नटांच्या समोर त्याच्या जागी एक माणूस रांगत होता. इमानी कुत्रा हवा, पण त्याला खायला घालायला नको, आजारपण काढायला नको आणि म्हातारपणी सांभाळायला नको, या आपल्या मनातल्या इच्छेला यंत्राने अखेर रूप दिले.

बर्फातून आता आपल्या मुलखात येऊ. ‘ते परदेशी तसलेच’ असे म्हणून सुटका करून घेण्याआधी आपल्या घरातल्या दगडांवरची धूळ झाडून पाहिली पाहिजे.

आपल्या दक्षिणेत कुत्र्याचे जे जुने स्मारक फार प्रसिद्ध आहे, ते हजार वर्षांहून जुने आहे. महाराष्ट्रावर राज्य केलेल्या राष्ट्रकूटांच्या काळचा, इसवी सन ९४९-५० चा हा शिलालेख म्हैसूरकडच्या अतकूर गावचा. मणलेर नावाच्या योद्ध्याने लढाईत पराक्रम केला. राजाने विचारले, काय हवे? त्याने गाव मागितले नाही. राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे रानडुकराशी झुंजताना ती कुत्री आणि डुक्कर दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ दगड उभारला, जमीन लावून दिली, आणि वर असेही कोरून ठेवले, की त्या जमिनीचा उपभोग घेणाऱ्या गुरवाने दगडाची पूजा केल्यावाचून अन्न खाल्ले, तर त्याला पाप लागेल. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. तो दगड कुत्रीच्या इमानाचे कौतुक करून थांबत नाही. माणसावर कर्ज आहे, आणि ते रोज फेडायचे आहे, असे तो बजावतो.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. थोरल्या शाहू महाराजांची समाधी तिथे आहे, आणि त्याच परिसरात त्यांच्या खंड्या कुत्र्याचे दगडी स्मारकही. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी परंपरा सांगते. महाराजांनी त्याला नुसते थोपटले नाही; जहागीर लावून दिली आणि पालखीचा मान दिला. एकदा तर दरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून, आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवून बसवले, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. साहेबाला त्यात राजाचा लहरीपणा दिसला. लहर असेलही. दरबारातल्या मानकऱ्यांना त्यात टोमणाही दिसला असेल. कारण मिठाला जागणाऱ्याला पालखी, हे त्या काळच्या साताऱ्यात बऱ्याच जणांना झोंबण्यासारखे होते. १७४९ साली शाहू महाराज गेले. माहुलीचा दगड अजून आहे.

आणि मग रायगड. जगदीश्वराच्या देवळाजवळ शिवछत्रपतींच्या समाधीसमोर उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा आहे. १६८० साली महाराजांचे दहन होताना त्यांच्या लाडक्या कुत्र्याने चितेत उडी घेतली, ही कथा मराठी घरात कोणी ऐकलेली नाही? पण सभासदाच्या बखरीत त्या कुत्र्याचे नाव नाही, आणि समकालीन कागदांत त्याचा आधार मिळत नाही असे इतिहासकार सांगत आले आहेत. ही कथा लोकांच्या मनात रुजवण्यात राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या नाटकाचा वाटा मोठा. गडकरी १९१९ साली गेले. इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून पुतळा झाला तो १९३६ साली. २०१२ साली काही लोकांनी तो उखडून टाकला; तो पुन्हा बसवला गेला. २०२५ साली तो हटवावा की ठेवावा यावर पुन्हा वाद पेटला.

त्या वादाचा निवाडा पुराव्यांनी व्हावा. निबंधलेखकाने तो करू नये. इथे एवढेच पाहण्यासारखे आहे, की दहन झाले १६८० साली आणि चौथरा उठला १९३६ साली. मधल्या अडीच शतकांत, विशेषतः पेशवाई बुडाल्यावर, रायगडावरची समाधी इतकी दुर्लक्षित झाली होती, की महात्मा फुले आणि लोकमान्य टिळक यांना तिची आठवण महाराष्ट्राला नव्याने करून द्यावी लागली. म्हणजे जे चाकर, जे सरदार, जे वतनदार त्या राजाच्या मिठावर पोसले, त्यांच्या वंशजांनी समाधीवर झाडोरा वाढू दिला. आणि मग धन्यावाचून जगायला नकार देणारा कोणीतरी होता, असे समाजाला मनापासून वाटू लागले. वाघ्या इतिहासात असो वा नसो, ज्या अपराधी मनाने त्याला जवळ केले ते मन खरे आहे. बर्फातल्या चित्रपटांना रडणारे मन आणि हे मन काही निराळे नाही. आपल्याला जमले नाही ते कुत्र्याने केले, असे म्हणून ते हलके होते.

पण आपल्या परंपरेचे एक वेगळे अंग आहे, आणि तेच मला या चित्रपटांपेक्षा मोठे वाटते. आपल्या दोन सर्वांत जुन्या आणि सर्वांत लाडक्या कुत्र्याच्या गोष्टी आठवा. नामदेवाची पोळी कुत्र्याने पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला : देवा, कोरडी खाऊ नकोस. धर्मराज हिमालय चढून स्वर्गाच्या दाराशी पोचला. रथ तयार होता, फक्त मागे आलेले कुत्रे खाली सोडायचे होते. तो म्हणाला, मग मला स्वर्ग नको. या दोन्ही गोष्टींत कुत्रा काहीच पराक्रम करीत नाही. तो वाघाशी झुंजत नाही, औषध आणीत नाही, चितेत उडी घेत नाही. एकात तो चोरी करतो, दुसरीत नुसता मागे मागे येतो. परीक्षा असते ती माणसाची. धावायचे असते ते माणसाने.

असा धावा आपल्या मुंबईने एकदा खरोखर केला होता. १८३२ साली कंपनी सरकारने बेवारशी कुत्रे मारण्याचा हुकूम काढला, आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरांच्या दारातले कुत्रेही उचलू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मोठे स्थान. मृतावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांचा विधी आहे. जूनमध्ये कोटातल्या पारश्यांनी उघड विरोध केला, दुसरे व्यापारी त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, गोऱ्यांच्या घरी पाव आणि पाणी पोचेना, आणि सरकारला फौज आणावी लागली. पुढे दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. मारण्याऐवजी सांभाळण्याची सोय झाली. ज्यांच्यासाठी हा दंगा झाला त्या कुत्र्यांतल्या एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही. त्यांनी कोणाचा प्राण वाचवला नव्हता. त्यांच्यावर चित्रपट कोण काढणार?

धन्याने ऋण फेडल्याचे याच मुंबईतले दुसरे उदाहरण आपल्या काळातले आहे. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ माणसे गेली. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकात जंजीर नावाचा एक लॅब्राडोर कुत्रा होता. पुण्यात शिकून आलेला, आणि नाव ठेवलेले १९७३ च्या गाजलेल्या चित्रपटावरून. पडद्यावरचे नाव प्रथमच खऱ्या कामाला लागले म्हणायचे. ३३२९ किलो आर.डी.एक्स., ६०० डेटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६४०६ जिवंत काडतुसे असा शोध त्याच्या नावावर सांगितला जातो. किती घरांतले दिवे त्याच्या नाकामुळे लागलेले राहिले, त्याची मोजदाद कोण करील? २००० सालच्या नोव्हेंबरात हाडांच्या कर्करोगाने तो आठव्या वर्षी मेला. खाकी वर्दीतल्या अधिकाऱ्यांनी फुले वाहून, सलामी देऊन, सन्मानाने त्याला पुरले. आजारी पडल्यावर त्याला कोणी विकले नाही, दहा सेंट घेऊन दाखवले नाही. एवढ्या एका बाबतीत मुंबई अमेरिकेच्या पुढे गेली.

आपल्याकडच्या चित्रपटांनाही हळूहळू ही दिशा सापडते आहे. १९८५ च्या ‘तेरी मेहरबानियाँ’मधला मोती मेलेल्या धन्याचा सूड घेत हिंडतो, थिएटरात टाळ्या आणि हुंदके एकदमच येत. तो जुना साचा : कुत्र्याने द्यायचे, माणसाने घ्यायचे. २०२२ साली ‘७७७ चार्ली’ हा कन्नड चित्रपट हिंदीतही आला. त्यातली कुत्री दुखण्याने जगणार नाही असे कळते. तिला बर्फ आवडते, निदान टीव्हीवर तरी. म्हणून तिचा धनी तिला बर्फ दाखवायला थेट हिमालयाकडे घेऊन जातो. कुत्र्याने माणसाला बर्फातून ओढून नेण्याच्या शंभर गोष्टींनंतर, माणूस कुत्र्याला बर्फाकडे घेऊन निघाला. धर्मराजाची वाट तीच.

हे सारे आपल्या घरापर्यंत कसे येते? ते येते असे. गाडी ओढणारे ते निळ्या डोळ्यांचे सुंदर कुत्रे पाहून शहरांतल्या हौशी माणसांना तसलेच पिल्लू हवेसे वाटते. परदेशी कुत्रे व्यापारासाठी आणण्यावर सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, तरी इथेच पैदास करून हस्की विकले जातात. दुहेरी लोकरीचा तो जीव, मैलोन् मैल धावण्यासाठी जन्मलेला, मे महिन्याच्या घामट उकाड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत धापा टाकीत पडतो. केस गळतात, तो रडतो, शेजारी कुरकुरतात. हौस फिटली की एखाद्या रात्री तो दूरच्या रस्त्यावर सोडला जातो. शोवा ठाण्याच्या साखळीला निदान वादळाचे कारण होते.

आणि ज्याला कोणी विकत घेतलेले नाही, त्याचे काय? भिवंडीच्या यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या दारांशी रात्रभर जागणारे गावठी कुत्रे आहेत. त्यांना पगार नाही, पट्टा नाही. पाळीवर येणाऱ्या कामगाराने टाकलेला पावाचा तुकडा हेच त्यांचे वतन. चावरे कुत्रे आणि रेबीजची भीती खरी आहे. लहान पोरांच्या आईबापांना त्यावर प्रवचन देण्यात अर्थ नाही. पण लस टोचणे, पैदास आटोक्यात ठेवणे, उकिरडे साफ ठेवणे ही कामे माणसाची आहेत, कुत्र्याची नव्हेत. ती न करता कुत्र्याला बेइमान म्हणणे म्हणजे आपले देणे त्याच्या नावावर टाकणे होय.

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. नेपाळात याच सणात एक दिवस कुत्र्याचा असतो. त्यांच्या तिहारचा दुसरा दिवस, आपली नरकचतुर्दशी. त्या दिवशी तिथे पाळीव आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड खाऊ घालतात. त्याच पहाटे आपण अभ्यंगस्नान उरकून पहिला फटाका लावतो, आणि रात्रभर दार राखलेला कुत्रा हातगाडीखाली अंग चोरून थरथरत बसलेला असतो. यंदा फटाके त्याच्यापासून थोडे दूर न्यावेत, आणि फराळाआधी एक भाकरी त्याच्यापुढे ठेवावी. अतकूरच्या गुरवाला हजार वर्षांपूर्वी घातलेली अट याहून फार वेगळी नव्हती.